उशीतल्या केळीच्या नोटा

जपानी मलायातून गेले आणि केळीचं चित्र असलेल्या त्यांच्या नोटांची रद्दी झाली. ताइपिंगच्या तांदळाच्या रांगेत देरूसच्या पुढच्या दोघी त्यावरचंच कवन म्हणत होत्या. तो गालात हसला.

“‘केळीचे घड उशीत भरले, म्हातारी निघाली मक्केला;
जपान बुडाला, सालंच उरली, उशीच घे गं उशाला!’”

“झकास! कुणाचं गं?”

“नाव नाही घातलं मेल्यानं. पण ते ऐकल्यापासून कियामावशी दार उघडत नाही.”

“ती का?”

“हजसाठी म्हैस विकली आणि खरंच उशीत नोटा शिवल्या होत्या तिनं.”

“सगळ्या गावाला सांगितलं असेल!”

“छे! फक्त जावयाला. आता त्यालाच विनवतेय, ‘बाबा, हे रचणारा शोधून काढ.’”

देरूसनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि तांदूळ न घेताच तो रांगेतून निघाला.