आज नको, आज सोबत चांगली नाही

...नाही, तुम्हीच सांगा, ऑपरेशनची तारीख ठरवताना माणूस काय बघतो? डॉक्टर बघतो, खाट रिकामी आहे का बघतो, फार तर फार घरात कुणाची परीक्षा नाही ना ते बघतो. आमचे सासरे काय बघतात? त्या तारखेला पूर्वी कोण कोण मेलंय ते बघतात! आणि चेष्टा नाही हो ही. हृदयाची मुख्य नळी दोऱ्याएवढी उरलेली, सर्जनबाई सांगतायत की आता थांबण्यात अर्थ नाही, आणि हा माणूस उशीला टेकून मला म्हणतोय, "जावईबापू, बारा तारीख? बाराला तो पळपुटा सेनापती गेला. तारीख बदला." मी पडलो जावई, मी काय बोलणार?

तुम्हाला सांगतो, सासऱ्यांचा सगळा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला. शाळा सुटली, पण सनावळ्या काही सुटल्या नाहीत. राजा जन्मला कधी, गादीवर बसला कधी, ते आता आठवत नाही म्हणतात, पण मेला कधी ते लख्ख! रोज सकाळी चहाचा कप हातात आला की सुरू, "आज कोण गेलं, सांगा बघू?" सासूबाई तिकडे ओट्यापाशी नळ सोडून भांडी घासायला घेतात, मोठ्ठा नळ, लग्न झाल्यापासून ऐकतायत बिचाऱ्या. आणि मी त्या वेळी तिथं असलो तर मेलोच. आज एक नटी गेली, एक गणिती गेला, एक राजा शिकारीला जाऊन आपल्याच घोड्याखाली गेला... आणि मग डोळे मिटून, "काय सोबत मिळाली असेल एकमेकांना!" अहो, कसली सोबत? तो राजा गेला तेव्हा त्या नटीची पणजीसुद्धा जन्मली नव्हती! पण त्यांचं आपलं एकच. तारीख म्हणजे आगगाडीचा डबा. ज्या तारखेला तुम्ही गेलात त्या डब्यात तुम्ही चढलात, आणि या गाडीतून मधल्या स्टेशनावर उतरणं नाही. मग शेजारी कोण बसलंय ते आधी बघून घ्यायला नको? ऐकताना पटतं हो, तीच तर पंचाईत आहे.

बरं, तारीख बदलायची कुणी? मी. माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या, उतरवायच्या, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" हा माझा धंदा. समोर गिऱ्हाईक हनुवटी टेकवून पाटीवरची अक्षरं वाचतंय, आणि मी कोपऱ्यात तोंडावर हात धरून हॉस्पिटलच्या बाईंशी बोलतोय. त्या बाईंचा आवाज म्हणजे गुळात घोळलेला, "नमस्काऽर, बोला, काय मदत करू?" मी म्हटलं, बारा तारीख जमत नाही. "कारण कळेल काऽ?" आता कारण काय सांगू? सेनापती? मी म्हटलं, घरगुती अडचण आहे. त्यांनी चौदा दिली. गिऱ्हाईकानं तेवढ्यात 'प'चा 'ष' वाचला, मी म्हटलं बरोबर, त्या माणसाला मी कसला नंबर दिला देव जाणे.

चौदा घेऊन सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांचा चेहरा खुलला. "चौदा! अहो, त्या दिवशी तो कवी गेला!" मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर चेहरा पुन्हा पडला. म्हणे, त्या कवीला जन्मभर छळणारा जो समीक्षक होता ना, तोही पुढे चौदालाच गेला. म्हणजे बघा, तिथंही त्या गरिबाची सुटका नाही, डब्यात समोरच्याच बाकावर तो समीक्षक! "मी त्यांच्या भांडणात नाही पडणार. तारीख बदला." मी पडलो जावई, मी पुन्हा फोन लावला. त्या बाईंच्या आवाजातला गूळ जरा कमी झाला होता. सोळा दिली. सोळाला तीन बादशहा निघाले. बादशहा तर चांगले ना? मी विचारलं. तर म्हणे, "तीन बादशहा बसल्यावर शाळामास्तराला जागा कोण देईल? दारात उभं राहावं लागेल."

इकडे आमची ही रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडतेय. एकुलती एक मुलगी, बापाची लाडकी. मला म्हणते, अहो, तुम्ही काहीतरी करा, बाबा तुमचं ऐकतात. ऐकतात? माझं? मी म्हटलं, असा एक तरी दिवस दाखव ज्या दिवशी जगात कुणी वाईट माणूस मेला नाही, मी आत्ता फोन लावतो. शेवटी सर्जनबाईंकडेच गेलो. बारीक चणीच्या, तुटक बोलणाऱ्या, समोर बसलं की आपली नाडी आपल्यालाच ऐकू येते. खरं कारण सांगून टाकलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. "कोण मेलं ते मी बघत नाही," म्हणाल्या. "कोण मरायला टेकलंय ते बघते. ते टेकलेत."

आणि मग तेच झालं. संध्याकाळी सासऱ्यांना खाली फेरी मारायला नेलं होतं, परतताना जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले. मला वाटलं, दम लागला. कठडा धरला, खाली बसले, आणि तोंडाचा रंग असा गेला की... भिंतीसारखा. कपाळावर घाम, मुठीत छातीवरचा सदरा. वरून सासूबाई अनवाणी धावत आल्या. मी फोनवर पत्ता सांगतोय, माझ्याच सासुरवाडीचा पत्ता मला आठवेना! आणि तेवढ्यात माझी बाही ओढून सासरे विचारतात, "आज... तारीख काय?" मी सांगितली. त्यांनी डोळे उघडले, टक्क. म्हणाले, "नाही. आज नको. आज तो फितूर गेला."

कुठला फितूर, काय फितूर, मला काय ठाऊक? ज्यानं आपल्याच दोस्तांना पकडून दिलं, असा कुणीतरी. पण तुम्हाला सांगतो, त्या माणसानं जो दम धरला! अँब्युलन्स आली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, गाडीतला माणूस दर वळणावर ओरडतोय, काका, डोळे मिटू नका, काका, बोलत राहा! आणि मास्कच्या आतून काकांचं चाललंय, "मी फितुराशेजारी... बसणार नाही... बसणार नाही." अख्खा रस्ता! तो माणूस मला विचारतो, हे कुणाबद्दल बोलतायत? मी म्हटलं, शेजाऱ्याबद्दल. पण त्याच हट्टावर ते जिवंत पोचले, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. ज्या खुळापायी मरायला टेकले त्याच खुळानं तारलं, आता याला काय म्हणायचं?

सर्जनबाई आल्या, कागद बघितले, म्हणाल्या, उद्या सकाळी पहिलं हेच. आम्ही सगळे पलंगाभोवती. सासऱ्यांनी ओठ हलवले, "उद्या म्हणजे..." आणि हिनं माझा हात असा आवळला की घड्याळ रुतलं. आता हे म्हणणार, तारीख बदला. आणि मी पडलो जावई.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या बाई कधी बोलत नाहीत हो. घरात माणूस बोलतो त्यापेक्षा त्यांचा कुकर जास्त बोलतो. पलंगाच्या कडेला बसल्या, नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली, आणि अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही जाल एकदाच. पण ती तारीख नंतर दरवर्षी येणार, आणि तो दिवस मला काढायचा आहे. तुमच्या शेजारी कोण बसलंय ते राहू दे. त्या दिवशी माझ्या शेजारी कोण बसणार, ते सांगा."

मी तर छताकडे बघत बसलो, माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नव्हता. सासरे म्हणाले, "उद्या चालेल."

सकाळी त्यांना आत नेलं. बाहेरच्या खुर्च्या एका लोखंडी पट्टीला जोडलेल्या, एकानं पाय हलवला की सगळी ओळ हलते. पाय मीच हलवत होतो. शेवटी राहवेना म्हणून फोन काढला. मी असलं काही मानत नाही बरं का, विज्ञान शिकलोय, भिंगं विकतो! नुसतं बघावं म्हणून बघितलं, आज कोण गेलं होतं. एक विदूषक निघाला. बरं वाटलं. त्याच्या खाली बघतो तर जल्लाद! सरकारी जल्लाद, म्हातारा होऊन अंथरुणात झोपेत गेलेला. फोन पालथा घातला. ही म्हणाली, "काय बघताय?" मी म्हटलं, स्कोअर. ती म्हणाली, "विदूषकापुढे वाचू नका. मी मघाशी वाचलंय." मग आम्ही दोघं जल्लाद पोटात ठेवून बसलो, आणि मधे सासूबाई, माझी बाही धरून, दाराकडे बघत. ते दार उघडायचं, दरवेळी दुसऱ्याच कुणासाठी. एकदा तर नुसता फरशी पुसणारा बाहेर आला आणि आम्ही तिघंही उभे राहिलो!

सर्जनबाई आल्या तेव्हा टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. "झालं," म्हणाल्या. "चांगलं झालं." बस्स, एवढंच, आणि गेल्या. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, भूक लागलीय. ही रडत सुटली. मी काय केलं ते मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी डोळे उघडले, आवाज फुटेना, पण विचारलं काय? "तारीख?" सासूबाई म्हणाल्या, "बदलली."

आता सध्या दोघंही आमच्याकडेच आहेत, जिना चढायला मनाई म्हणून. माणूस टुणटुणीत झालाय. परवा सकाळी चहाला मला जवळ बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही माझ्यासाठी फार खस्ता खाल्ल्यात. तुम्हाला काहीतरी द्यावं म्हणतो." मी म्हटलं, छे, छे, कशाला! म्हणाले, "अठरा तारीख. बरीच वर्षं माझ्यासाठी राखून ठेवली होती, हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. एक तत्त्वज्ञ आहे, आयुष्यात कुणाशी भांडला नाही. एक गायिका आहे. आणि एक काच घासणारा कारागीर, खास तुमच्या धंद्यातला. गर्दी नाही. खिडकीची जागा मिळेल. तुम्ही घ्या." आणि त्यांचे डोळे भरले हो! मास्तर माणूस, जवळ होतं त्यातलं उत्तम ते मला देऊन टाकलं. मी वाकून नमस्कार केला. आणि उठता उठता सहज विचारलं, महिना कुठला? तर म्हणाले, "हाच की. येत्या मंगळवारी."

मी मानत नाही हो असलं काही. पण दुकानाच्या दारावर पाटी लावलीय, मंगळवारी बंद. ही विचारते, वेड लागलंय का? आता हिला काय सांगू? सासऱ्यांनी प्रेमानं दिलेली वस्तू आहे, नको म्हणवत नाही आणि वापरवतही नाही.