इंजिन गेलेलं नव्हतं

नमस्कार. बोरी अरबचे तुम्ही सगळे, तांड्यावरून आलेली मंडळी, दारव्ह्याहून आणि यवतमाळहून आलेले पाहुणे, मी मोठ्या आईच्या आणि माझ्या बाबांच्या वतीनं उभी आहे. बाबांना बोलणं जमणार नाही, म्हणून त्यांनी माझं नाव पुढे केलं. जमणार मलाही नाही. फक्त माझ्या चेहऱ्यावरून ते कळत नाही, म्हणून माझी निवड झाली असावी.

मी मीनल, वसंतरावांची पुतणी. मी त्यांना मोठे बाबा म्हणायचे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये बिघाड शोधायचं काम करते. गाडीबद्दल विचारलं तर मला नीट सांगता येतं. माणसाबद्दल विचारलं तर मी अडखळते. आज मला दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

आपण बसलो आहोत तो मंडप त्यांचाच आहे. या गावात लग्न असो, तेरवी असो, खांब त्यांचे आणि कनात त्यांची. अशा शोकसभेत ते कधी पुढे बसले नाहीत. मागच्या खांबाला टेकून उभे राहायचे. कुणाचं भाषण लांबलं की आपल्या माणसांना हळूच म्हणायचे, "याले पाणी द्या रे कोणी, म्हणजे थांबन." म्हणून मी लांबवणार नाही. पाणीही नको.

आत येताना एका वडीलधाऱ्यांनी मला थांबवून सांगितलं, "पोरी, चांगलंच बोलजो." मी चांगलंच बोलणार आहे. पण त्यात मोठ्या बाबांची एक चूक येईल. ती वगळून मला त्यांच्याबद्दल खरं बोलता येत नाही.

मला नोकरी लागली त्या दिवाळीला मी त्यांना एक स्कॅनर आणून दिला. काडेपेटीएवढी वस्तू. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात ती खोचायची आणि मोबाइलला जोडायची. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेली तक्रार मोबाइलवर दिसते. त्यांच्या मंडपाच्या व्हॅनमध्ये इंजिनचा पिवळा दिवा सारखा लागायचा. त्यांनी स्कॅनर लावला, कोड वाचला, मला फोन केला. मी सांगितलेल्या सेन्सरपर्यंत ते वायर हातानं तपासत गेले. कापडाच्या गठ्ठ्यांमुळे त्या व्हॅनमध्ये उंदीर होते. वायर त्या उंदरांनी कुरतडली होती. मोठ्या बाबांनी ती जोडली, टेप लावली, दिवा गेला. संध्याकाळी पुन्हा फोन आला. म्हणाले, "मीनू, गाडी बोलते वं."

मग या अंगणात काय सुरू झालं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. बाजाराच्या दिवशी इथे गाड्या उभ्या राहायच्या. ते चष्मा नाकावर घ्यायचे, मोबाइल लांब धरायचे आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखे सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचे. त्याला त्यांनी नावही दिलं होतं, गाडीची पत्रिका. "तुया गाडीले शनी हाये बावा," असं म्हणून आधी हसवायचे, मग खरं सांगायचे.

मी त्यांना एक गोष्ट समजावली होती. स्कॅनर कोण रडतंय एवढंच सांगतो. चिमटा कोणी काढला, ते सांगत नाही. ते आपण शोधायचं असतं. त्यांना हे इतकं आवडलं, की येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच ऐकवायचे.

आणि एका बाजाराच्या दिवशी ते स्वतःच हे विसरले.

गुलाबकाका, तुम्ही तिथे मागच्या खांबाजवळ बसला आहात. तुमची परवानगी घ्यायला हवी होती. घेतली नाही, कारण तुम्ही उठून गेला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तांड्यावरचे गुलाबकाका राठोड आणि मोठे बाबा लहानपणापासूनचे सोबती. गुलाबकाका त्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. दर चतुर्थीला दोघं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचे, आणि नेहमी गुलाबकाकांच्या गाडीतून. व्हॅनमध्ये कनातीचा वास येतो, त्या वासानं देवही उठून जाईल, असं गुलाबकाकांचं म्हणणं होतं.

ती गाडी गुलाबकाकांना विकायची होती. गिऱ्हाईक दिग्रसहून येणार होतं. गुलाबकाका गाडी धुवून, पुसून इथे घेऊन आले. दिवा लागलेला होता. ते म्हणाले, "भिया, एवढा दिवा तेवढा घालवून दे. गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

आता आपण आपसात खरं बोलू. गाडी विकायची तर ती धुवायची, सीटवर टॉवेल टाकायचा आणि दिवा घालवायचा. ही आपल्याकडे रीतच पडली आहे. ती बरोबर नाही. पण गुलाबकाकांच्या मनात त्या दिवशी धुण्यापुसण्यापलीकडे काही नव्हतं, फसवणं तर नव्हतंच. मोठ्या बाबांचा नियम वेगळा होता. आधी कोड वाचायचा, मग दुरुस्ती, दिवा सगळ्यात शेवटी. त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला मिसफायरचा. म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, इतकाच त्याचा अर्थ. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. अंगण भरलेलं होतं. त्यानं विचारलं, मशीन काय म्हणते? आणि मोठे बाबा बोलून गेले, "इंजिन बसलं हाये. घेऊ नको."

तो माणूस चहा न घेता गेला. गुलाबकाका भांडले नाहीत. त्यांनी स्कॅनर सॉकेटमधून काढला, दुपट्ट्यानं पुसला आणि मोठ्या बाबांच्या हातात दिला. "ठेव भिया तुयी पत्रिका." एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यानंतर काय झालं, ते इथल्या काही जणांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ते त्यांनीच केलं. गुलाबकाका मेलेलं इंजिन लोकांच्या गळ्यात मारत होते, असं ठरून गेलं. बाजारात लोक त्यांना इंजिनची तब्येत विचारू लागले. तांड्यावर भांडण मिटवायला बैठक बसली, की लोक गुलाबकाकांचा शब्द मानायचे. अशाच एका बैठकीत ते बोलायला लागले आणि मागून कोणी तरी म्हणालं, "आधी इंजिनचं सांगा." त्या दिवसापासून ते बैठकीला गेले नाहीत. ही गोष्ट मोठ्या बाबांच्या कानावर आली. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं मोठी आई सांगते.

पोळ्याला मी घरी आले तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. गुलाबकाकांच्या गाडीचे त्या दिवशीचे आकडे त्यांनी जपून ठेवले होते. मी पाहिले आणि विचारलं, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, तपासला होता का? म्हणाले, नाही. प्लग काढून पाहिले? नाही. मग इंजिन बसलं, असं कोणी सांगितलं?

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, "म्या."

त्या आकड्यांत काय होतं, ते साध्या भाषेत सांगते. गाडी जागेवर उभी आणि इंजिन मंद चालू असताना कॉम्प्युटर नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल देत होता. ॲक्सिलरेटर दाबला की तो आकडा ताळ्यावर येत होता. थकलेल्या इंजिनात बहुधा असं दिसत नाही. कुठून तरी चोरून हवा आत शिरत असली, की असं दिसतं. बहुतेक वेळा एखादा रबरी पाइप तडकलेला असतो. बोटभर जाडीचा पाइप आणि त्याच्या दोन टोकांना दोन क्लिपा.

मी म्हटलं, काकांना फोन करा. आत्ता करा. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "भरल्या अंगणात बोललो मीनू. फोनवर कसा मागे घेऊ? ज्यायनं ऐकलं, त्यायच्या समोरच घ्या लागन."

मला ते पटलं नाही. आधी फोन आणि मग अंगण, असा क्रम मला सोपा वाटत होता. पण बोललेला शब्द जिथे पडला तिथूनच उचलायचा, हा त्यांचा हिशेब होता. ते अंगण भरायची वाट पाहू लागले. अंगण पुष्कळदा भरलं. त्यात गुलाबकाका नसायचे.

तांड्यावर एका लग्नाचा मंडप पहिल्यांदा बाहेरगावाहून मागवला गेला. मोठे बाबा त्या रस्त्यानं जाऊन आले. जेवताना फक्त म्हणाले, "तिथले खांब तिरपे हाये."

कळंबला ते एसटीनं जाऊ लागले. दर्शन घेऊन आले की मोठी आई विचारायची, भेटले का? ते प्रसाद तिच्या हातावर ठेवायचे आणि कपडे बदलायला आत जायचे.

एकदा मात्र भेट झाली. बाजारात हॉटेलसमोर गुलाबकाकांची गाडी उभी होती, इंजिन चालू होतं. बंद केलं तर पुन्हा लवकर सुरू होत नाही, म्हणून काका ते चालूच ठेवतात. मोठे बाबा बॉनेटवर वाकले आणि कान लावून ऐकू लागले. आतून हवा शिरल्याचा सुस्स आवाज येत होता. तेवढ्यात गुलाबकाका चहा पिऊन बाहेर आले. म्हणाले, "आता कानानं पत्रिका पाहून राह्यला का?" आणि गाडी घेऊन निघून गेले.

ही हकीकत मोठ्या बाबांनी मला फोनवर दोनदा सांगितली. पहिल्यांदा हसत सांगितली. दुसऱ्यांदा हसले नाहीत. मग म्हणाले, "तो पाइप आणून देजो."

मी आणून दिला, क्लिपांसकट. त्यांनी तो कनातीच्या तुकड्यात गुंडाळून व्हॅनच्या डॅशबोर्डमध्ये ठेवला. पुढच्या चतुर्थीला कळंबच्या देवळासमोर, जी काही गर्दी असेल तिच्यासमोर बोलायचं, असं त्यांचं ठरलं होतं. इथलं अंगण नाही तर चिंतामणीचं. त्या चतुर्थीच्या आधीच, दारव्ह्याला एका लग्नाचा मंडप सोडताना, त्यांच्या छातीत कळ आली. सोबतच्या माणसांनी त्यांना त्याच व्हॅनमधून दवाखान्यात नेलं. पाइप तेव्हाही डॅशबोर्डमध्येच होता.

मला हळहळ वाटते ती याची. माणूस हातात पाइप घेऊन फिरत होता आणि ज्या गाडीला तो लावायचा, ती गाडी याच गावात फिरत होती. दोघांपैकी एकानं जरी पाच मिनिटं पडतं घेतलं असतं, तर आज मागच्या खांबाला दोघं टेकून उभे असते आणि मला पाणी द्या म्हणत असते. मी कामावर रोज बिघाड शोधते. हा बिघाड मला दिसत होता आणि त्याला हात लावायची जागा मला सापडत नव्हती.

आज अंगण भरलं आहे. त्या बाजाराच्या दिवशी इथे होते, ते जवळपास सगळे आले आहेत. गुलाबकाका, तुम्हीही आला आहात. ज्या दिवसाची मोठे बाबा वाट पाहत होते, तो हाच होता. फक्त तो यायला त्यांना जावं लागलं.

म्हणून त्यांचा शब्द त्यांच्या जागी उभी राहून मी मागे घेते. नीट ऐका. गुलाबकाकांच्या गाडीचं इंजिन गेलं आहे, असं मशीननं त्या दिवशी सांगितलं नव्हतं. ते मोठे बाबा बोलले होते, आणि न तपासता बोलले होते. ते चुकले होते. हे त्यांना स्वतःला कळलं होतं आणि ते त्यांनी माझ्यापाशी कबूल केलं होतं. गुलाबकाकांनी कोणाला मेलेलं इंजिन विकायला काढलं नव्हतं. तुम्ही आधी जिथे जिथे याच्या उलट ऐकवलं असेल, तिथे तिथे जाऊन हे सांगा. तांड्याच्या बैठकीतही सांगा.

माझ्या बाजूनं एक गोष्ट स्पष्ट करते. मी ती गाडी अजून पाहिलेली नाही. पाइपच फाटला आहे, हा माझा अंदाज आहे. आकडे आणि मोठ्या बाबांचे कान दोन्ही तिकडेच बोट दाखवतात, पण पाहिल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही. न पाहता सांगितल्यानं काय होतं, ते आपण पाहिलं आहे.

हा तो पाइप. कनातीचा तुकडा मी काढलेला नाही.

गुलाबकाका, सभा संपली की लगेच निघू नका. गाडी मंडपाच्या कडेला घ्या, बॉनेट उघडा आणि इंजिन चालू ठेवा. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी थांबून पाहावं. पाइप नसेल तर दुसरं काही असेल, ते शोधू. दिवा मात्र दुरुस्तीनंतरच घालवायचा. तो नियम त्यांचा आहे आणि तो बरोबर होता.

मोठे बाबा, तुमच्या मंडपाचे खांब सरळ आहेत. मी पाहून घेतले. तुम्हाला माझा नमस्कार.

आता आपण सगळे उभे राहू. कोणी काही बोलू नका. थोड्या वेळानं इथे एका गाडीचा आवाज ऐकायचा आहे. त्याआधी त्यांच्यासाठी शांत राहू.