बुरखेवाला आणि वळू

पूर्णा स्टेशनात शेजारच्या बाकावर एक म्हातारा नातवासाठी घेतलेलं कॉमिक बायकोला वाचून दाखवत होता.

"ह्यो बुरखेवाला. याला गोळी लागत न्हाई. आदी चोर धरायचा, आता सोताच दुकानं लुटायलाय."

"अन् लोकं?"

"गप हायत. त्यायनीच हार घातले व्हते त्याला."

"आपल्या देवाला सोडलेल्या वळूवानी. शेजारच्या रानातली धुरपताची सारी ज्वारी खाल्ली, तुमी नुसतं बघत बसलाव."

"देवाचा वळू, कसा मारावा?"

"मंग आपल्या रानात शिरला तवा काठी कुठून आली?"

"फुडलं पान वाचू का?"

"वाचा."

"आता त्यो हार घालणाऱ्याच्याच दारात उभा हाय."

"मंग सापडतील आता गावाला काठ्या."