भोंगा वाजायच्या आत

नाही हो काका, आत नाही जात, इथंच उभी राहते — जरा सावलीत, एवढंच. येतीलच आता हे. हात धुवायला वेळ लावतात ना, साबण घासूनघासून, जसं काही लग्नाला जायचंय. — बबडे, ती साखळी सोड, हात काळे होतील. सोड म्हटलं ना. — आमचं तुम्हाला ठाऊकच आहे, हे पहिल्या शिफ्टमधून बाहेर, मी सेकंडला आत, आणि मधे ही, माझ्या कडेवरून यांच्या कडेवर. हसता काय, खरंच सांगते, आमचा सगळा संसार तुमच्या या गेटवर झालाय — दूध पिऊन झालंय, दुपारी झोपली नाही, खोकल्याचं औषध वरच्या फळीवर आहे, घरमालक येऊन गेला — एवढं बोलेपर्यंत भोंगा वाजतो. रात्री मी घरी जाते तेव्हा दोघं घोरत असतात, आणि सकाळी माझे डोळे उघडायच्या आत हे निघून गेलेले. नवऱ्याचं तोंड उजेडात बघायचं ते इथंच.

सगळे गेले? सगळे म्हणजे? लेथवरची मंडळी गेली, ती मी पाहिली, पण वेल्डिंगवाले — तेही? मग आत कुणाशी बोलत बसले असतील. जरा फोन लावा ना आत. माझा उचलत नाहीत — म्हणजे मशीनच्या आवाजात ऐकू जात नसेल. भांडण? छे, भांडण कसलं. होतं थोडंफार, कुणाच्या घरात होत नाही? — काल मी तब्येतीमुळे आले नाही, असं सुपरवायझरला फोनवर सांगितलंय. तुम्ही काल नव्हतात, तो मिशीवाला वॉचमन होता, म्हणून तुम्हाला माहीत नाही. मी आले होते काका. इथंच उभी होते, ही कडेवर, आणि हे आलेच नाहीत. भोंगा वाजला, मिशीवाल्यानं गेट लावलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुपरवायझर म्हणाला, बाई, तू नवीन परमनंट, पहिले महिने सांभाळून राहायचं असतं, उद्या भोंग्याच्या आत कार्ड पंच झालं नाही तर येऊच नकोस. उद्या म्हणजे आजच की. आणि हिला ठेवू कुठे? शेजारीण सांभाळायची, पण तिचीच लेक बाळंतपणाला आलीय. सासूबाई म्हणतात, नवऱ्याला विचार. विचारायला तो माणूस समोर तर यायला हवा!

परमनंट मी एकटीच झाले ना — तिथंच सगळं बिनसलं. जागा एकच होती. महिनाअखेरीला काँट्रॅक्ट सगळ्यांचंच संपतंय, म्हणून आम्ही दोघंही टेस्टला बसलो. दोन प्लेटी जोडायच्या, कडेला आपला नंबर पंचानं ठोकायचा, मग त्याचा एक्स-रे. माझा जोड स्वच्छ निघाला, यांच्या जोडात भोक. आणि मला शिकवलं कुणी? यांनीच! आमची शेड होती तेव्हा, खिडक्यांच्या जाळ्या करायचो, धरायला माणूस परवडेना म्हणून मी अँगल धरायची — मग हळूहळू टाके मारायला लागले, मग अख्खा जोड. काय कौतुक करायचे हो. गिऱ्हाइकाला उभं करून विचारायचे, यातली बायकोनं केलेली जाळी कुठली, ओळखा बघू. — जळतात माझ्यावर? नाही काका, तसला माणूस नाही. दुसरंच आहे ते. त्या दिवशी नंबर ठोकायच्या आधी हे माझ्या टेबलाशी आले. हात हलला होता यांचा, आपला जोड फसला की वेल्डरला एक्स-रे लागत नाही कळायला. हळूच म्हणाले, बदल. तुझी प्लेट मला दे, माझी तू घे, पगार शेवटी एकाच घरात येणार ना. बरोबरच होतं की. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणाले. का म्हणाले मी, देवाला ठाऊक. मला तो जोड आवडला होता हो! वरची खपली ठोकून काढली आणि खालून तो असा निघाला, सरळ, एकसारखा, लखलखीत — माझ्या हातचा. यांच्या डोळ्यांदेखत मी त्यावर माझा नंबर ठोकला. — अगं बाई, हे काय बोलून बसले मी. काका, पाया पडते, कुणाला सांगू नका, उरलंय तेवढं कामही जाईल यांचं.

तेव्हापासून घरात चकार शब्द नाही. परवा एकदाच बोलले — गेटवर मी आलो नाही तर कशी जातेस तेच बघतो. म्हटलं रागात बोलतात तसं बोलले. — तुम्ही मघापासून तिकडे काय बघताय? रस्त्यापलीकडे? त्या ट्रकच्या... ते आहेत. पिशवी खांद्याला लावून, आरामात. केव्हापासून उभे आहेत? सगळ्यांच्या आधी बाहेर पडले? आणि तुम्ही मला इतका वेळ बोलू दिलंत, काका! — अहो! अहो, या ना इकडे! — बघा, पाऊल हलत नाही. ऐकू गेलंय, मान वळवली ना, पण हलत नाही. मी परत फिरते का, एवढंच बघायचंय त्याला. फिरले की येईल रस्ता ओलांडून, घेईल पोरीला, वाटेत दूधही घेऊन देईल.

किती वेळ आहे भोंग्याला? — ऐका माझं. हिला तुमच्या स्टुलावर बसवते, इथं, दारासमोर, त्याला दिसेल अशी. गेटवर पोरं ठेवायची नाहीत, नियम ठाऊक आहे मला, मी कुठं ठेवून घ्या म्हणते? मी आत गेलेली दिसली की येईल तो. हिला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसणारा बाप आहे, येईलच. फक्त ही एकटी रस्त्यावर उतरायला नको, तेवढा हात धरा. आणि नाहीच आला तर — नाहीच आला तर आतून बोलवून घ्या मला, कार्ड टेबलावर ठेवून येईन, मग संपलंच सगळं. बबडे, बस हं राणी. आई आत्ता येते — नाही, आत्ता नाही येत. बाबा येतोय. तो बघ, ट्रकपाशी. हात कर त्याला. जोरात कर. रडतेस? रड. रड गं बाई, मोठ्यानं रड, म्हणजे लवकर येईल. — असं बघू नका माझ्याकडे, काका. मलाही कळतंय मी काय बोलतेय ते. वाजला. सोडा, पदर सोडवा तिच्या हातातून. मागून हाक मारू नका, वळले तर माझ्यानं जाववणार नाही. लावा गेट. लावा म्हणते ना!