नऊ खेपांची टाकी

हम्मू : नाही उस्ताद, आज खरं सांगितल्याशिवाय मी हलत नाही. इद्दरच्या गाडीला तुम्ही काय केलंत?

उस्ताद : आधी तुझी गाडी बाहेर धडधडतेय ती बंद कर. कानठळ्या बसल्या माझ्या.

हम्मू : राहू दे. टॅक्सी नाक्याची रांग तुमच्या दारापर्यंत आलीय, कधीही सरकेल. तुम्ही विषय बदलू नका.

उस्ताद : ऑइल बदललं त्याचं. रमजानच्या आधी. बस.

हम्मू : ऑइल बदलून टाकी नऊ खेपा पुरते? मिदेल्तहून रिश, मधे तलघेम्तचा तो घाट, माणसं सहा, वर त्यांची गाठोडी. माझी सातव्या खेपेलाच धापा टाकते. दोघांच्या गाड्या एका सालच्या, इंजिन तेच, मेला रंगसुद्धा तोच! मग त्याच्या गाडीला काय पंख फुटलेत?

उस्ताद : हम्मू, या आठवड्यात तिसऱ्यांदा तुझी गाडी उघडली मी. नोझल पाहिले, पंप पाहिला, एअर फिल्टर झटकला, टायरमधली हवा पाहिली. वारा अडवतो म्हणून टपावरचा कॅरियरदेखील काढायला निघाला होतास, मीच थांबवलं. गाडीत खोट नाही.

हम्मू : म्हणजे माझ्यात आहे.

उस्ताद : असं मी म्हणालो नाही. चहा घे, निवतोय.

हम्मू : चहा राहू दे हो. काल हाज्जा रकियानं मला दारातच उभं केलं. आतसुद्धा बोलावलं नाही! गाडी माझी, पण टॅक्सीचा परवाना तिचा; अकरा वर्षं तिच्या परवान्यावर चालवतोय. म्हणाली, 'दर महिन्याला डिझेलचं रडगाणं घेऊन येतोस आणि अर्धंमुर्धं भाडं हातावर ठेवतोस. इद्दरला कसं परवडतं? असंच चालणार असेल तर बकरी ईदनंतर परवाना त्याच्या मेहुण्याला देते.' परवाना गेला तर गाडीत काय कोंबड्या पाळू?

उस्ताद : हाज्जा बोलते तसं करते. हे खरं.

हम्मू : आणि घरी गेलो तर आमची बायको इत्तो! 'इद्दरनं आईच्या घराला नवं छप्पर घातलं, पाहिलंत का?' पाहिलं! सगळ्या गावानं पाहिलं. सीटना लाल कव्हरं घातली तीही पाहिली. उतारू माझ्या गाडीपाशी येतात, आत डोकावतात आणि विचारतात, लाल सीटवाली कधी सुटणार?

उस्ताद : जळतोस त्याच्यावर.

हम्मू : जळतो! घ्या, म्हटलं. क्लच कसा सोडायचा हे त्याला मी शिकवलं, उस्ताद. तीन वेळा भिंतीवर घातली होती माझी गाडी. आणि आज तो नऊ खेपा करतो, मी सात. परवा त्याच्या मागोमाग घाट उतरलो, काय करतो ते बघायला. म्हटलं, उतारावर न्यूट्रल करत असणार. म्हणून मीही केली.

उस्ताद : तलघेम्तवर? न्यूट्रल? उतारू बसवून?

हम्मू : दोनच वळणं. मग ब्रेकचा वास यायला लागला. मागची म्हातारी मोठमोठ्यानं दुआ मागायला लागली, म्हणून टाकला गिअर.

उस्ताद : अरे शहाण्या! गिअरमध्ये राहून पाय काढलास की उतारावर हा पंप आपणच डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट जळतच राहतं. सहा जीव दरीत घालायला निघाला होतास, तेही काही न वाचवता!

हम्मू : मग तो करतो तरी काय?

उस्ताद : मी विचारतो त्याचं उत्तर दे. नाक्यावर पहाटे किती वाजता येतोस?

हम्मू : पाचला.

उस्ताद : आणि सुटतोस?

हम्मू : सहा माणसं भरली की. कधी नऊ, कधी दहा. परतताना रिशच्या नाक्यावरही तीच रड.

उस्ताद : तोवर इंजिन?

हम्मू : चालूच. बंद करून कसं चालेल? घटकेघटकेला रांग एक गाडी पुढे सरकते. दर वेळी कॉइल तापेपर्यंत थांबा, मग चावी फिरवा, बॅटरी आधीच अर्धमेली. त्यात इथली थंडी.

उस्ताद : इद्दर चालू ठेवतो?

हम्मू : तो कशाला ठेवेल? ढकलतात ना त्याची.

उस्ताद : कोण?

हम्मू : सगळेच. एकाची झाली की दुसऱ्याची. पोरांसारखे खिदळत असतात. मी आरशातून बघत असतो.

उस्ताद : आणि तुझी कोण ढकलतं?

हम्मू : चहा निवला बघा.

उस्ताद : हम्मू, तुझी गाडी कोण ढकलतं?

हम्मू : कुणी नाही.

उस्ताद : रोजचे चार-पाच तास उभ्या गाडीत डिझेल जाळतोस आणि माझ्याकडे येऊन विचारतोस, दोन खेपा कुठे गेल्या?

(उस्ताद झायद बाहेर जातात. धडधड थांबते. ते गाडीची चावी खिशात टाकून परत येतात.)

हम्मू : चावी द्या, उस्ताद.

उस्ताद : का ढकलत नाहीत ते सांग आधी.

हम्मू : तुम्हाला माहीत आहे.

उस्ताद : तुझ्या तोंडून ऐकू दे.

हम्मू : सफरचंदांचा हंगाम होता. नंबर माझा, आणि ती गाठोडीवाली बाई त्याच्या गाडीत जाऊन बसली. त्यानं उठवलं तिला, माझ्याकडे पाठवलं, माझी गाडी ढकलायलाही आला. पण माझं डोकं फिरलं होतं. चारचौघांत ओरडलो, 'माझ्या गाडीला कुणी हात लावायचा नाही!'

उस्ताद : आणि कुणी लावला नाही.

हम्मू : दोन वर्षं. एकानंही नाही.

इद्दर : सलाम, उस्ताद. रांग सरकली. मागचे बोंबा मारतायत. दारातली ही गाडी पुढे घ्यायला सांगा ना कुणालातरी.

उस्ताद : कुणालातरी काय? हा काय समोर बसलाय.

इद्दर : आम्ही बोलत नाही.

हम्मू : चावी द्या उस्ताद, उगाच तमाशा नको.

उस्ताद : चावी मिळणार नाही. इद्दर, जरा हात लाव गाडीला.

इद्दर : मी? नाही बुवा. नाक्यावर बोललेला शब्द जो बोलला त्यानंच मागे घ्यायचा. तुम्ही सांगून चालत नाही.

हम्मू : बघा, बघा! छप्पर झालं, लाल सीट झाल्या, आता मी याच्या पाया पडायचं! चालवायला मी शिकवलं तुला!

इद्दर : म्हणून तर रोज पहिली तुझीच ढकलायचो.

उस्ताद : हॉर्न वाजतायत रे.

हम्मू : लाव.

इद्दर : काय?

हम्मू : हात लाव म्हटलं. त्या मागच्यांनाही सांग... लावा म्हणावं.

इद्दर : मग ब्रेक सोड आधी, दादा.