इस्माईल आतार यांचे नाव फलकावरून पुसल्याबाबत

दिनांक १८ जून १९९८, सकाळी ११ वाजता.

नाव सावळाराम भिमाजी खोपडे, वय ६८ वर्षे, धंदा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार बाजारपेठेमागे, भोर, ता. भोर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः चालत आलो आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनाने सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. विंझर येथे अकरा वर्षे व नंतर उत्रोली येथे निवृत्तीपर्यंत मराठी शिकवले. विंझरला जाण्यायेण्यास एस.टी. होती व तिचे चालक इस्माईल आतार होते. मी ड्रायव्हरशेजारच्या बाकावर बसत असे. त्या दिवशी वर्गात जी कविता घ्यायची, ती मी गाडीत मोठ्याने म्हणून बघत असे. चेलाडीच्या फाट्यापर्यंत पहिले कडवे होई. पुढे पुढे मी अडखळलो की इस्माईल पुढची ओळ सांगत. धुक्याने काच पांढरी व्हायची, एका हाताने ती पुसत, दुसरा हात चाकावर, आणि तोंडात यमक…

हवालदार साहेबांनी "गुरुजी, कविता र्‍हाऊ द्या, तारीख सांगा" असे म्हटल्यावरून पुढील मजकूर थोडक्यात सांगतो.

सन १९९४ मध्ये एस.टी. स्टँडजवळ चिमाजी शिळीमकर यांच्या रसवंतीत केबल आली. तिच्यावर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने लागू लागले. ते तिकडच्या रात्री म्हणजे आपल्याकडे सकाळी असतात. चिमाजीचा मुलगा पप्पू, वय अंदाजे २६, धंदा टेम्पोचालक, याने बघणाऱ्या पोरांचे मंडळ काढले. तोच या कामातील तक्रारदार आहे. इस्माईल व मी दोघेही तोवर निवृत्त झालो होतो, आम्हीही जाऊन बसू लागलो.

इस्माईल यांनी युटा हा संघ धरला. कारण विचारता म्हणाले, "गुरुजी, त्या गावाच्या मागं डोंगर दिसत्यात. आन् ती दोघं बघा, नऊ-धा वर्सं एकाच संघात हायत. पोरं त्यांना म्हातारी म्हंत्यात." मीही युटाच धरला.

पोरांचे तसे नव्हते. सन १९९५ मध्ये ह्यूस्टन जिंकले तेव्हा पप्पूने टेम्पोच्या फाळक्यावर ह्यूस्टन रंगवले. पुढच्या वर्षी शिकागो जिंकले, त्यावर शिकागो रंगवले. प्रत्येक जण "आमी पयल्यापासनं ह्यांचेच" असे म्हणे व त्यावरून भांडणे होत. म्हणून मी शाळेचा एक कोरा कॅटलॉग आणला व हजेरी सुरू केली. दर नोव्हेंबरात नवा हंगाम लागला की प्रत्येकाने आपले नाव व आपला संघ स्वतःच्या हाताने लिहायचा आणि जूनपर्यंत खोडायचे नाही, असा नियम सर्वांनी मान्य केला.

गेल्या नोव्हेंबरात शिकागो अडखळत होते व लॉस एंजेलिस लागोपाठ जिंकत होते. त्या पानावर बावीस नावे आहेत. चौदांनी लॉस एंजेलिस लिहिले, त्यात पप्पू पहिला. तिघांनी शिकागो, तिघांनी इतर, व दोघांनी युटा. ते दोघे म्हणजे इस्माईल व मी. इस्माईल यांचे अक्षर वाकडे आले आहे, तेव्हा त्यांचे दुखणे सुरू झाले होते.

फेब्रुवारीत ते पुण्याला दवाखान्यात होते. पप्पू व इतर पोरे टेम्पोने भेटायला आली, मी खाटेजवळ होतो. पप्पू म्हणाला, "चाचा, तुमची टीम फायनलला जाऊन आपटती. आवंदा तरी आमच्यात या की." त्यावर इस्माईल म्हणाले, "पप्पू, गाडी वरंधा घाटात बंद पडली म्हून डायवर उतरून मागच्या गाडीत बसत न्हाई. तो बॉनेट उघडतो." पोरे हसली. इस्माईलही हसले, मग बराच वेळ खोकले.

दिनांक ९ मार्च रोजी ते गेले. त्याबाबत मला काही सांगावयाचे नाही.

मे महिन्यात युटाने लॉस एंजेलिसला चार-शून्य असे हरवले. मी त्या सकाळी रसवंतीत होतो. बाकावर माझ्या डाव्या हाताला जागा होती, तिथे कोणी बसू लागले की मी छत्री ठेवत असे. दुसऱ्या दिवशी पप्पूच्या टेम्पोवरचे लॉस एंजेलिस गेले व पुन्हा शिकागो आले. मी विचारले, "अरे, पान?" तो म्हणाला, "गुरुजी, पान वहीत असतंय. जिंदगी म्होरं जाती."

दिनांक १५ जून रोजी सकाळी शेवटचा सामना झाला. युटा एका गुणाने हरले. मी शेवटपर्यंत बसलो व उठून घरी गेलो.

दिनांक १७ जून रोजी सकाळी ९ च्या सुमारास स्टँडसमोर प्लायवूडचा रंगवलेला फलक उभा दिसला. त्यावर "विश्वविजेत्या शिकागोचे भोर-वेल्हे तालुक्यातील आद्य निष्ठावंत" असे लिहून खाली बावीस नावे होती. पहिले नाव "मरहूम इस्माईलचाचा आतार", शेजारी त्यांचा खाकी वर्दीतला फोटो. संध्याकाळी मिरवणूक होती. मी पप्पूला सांगितले की हे नाव काढ. तो म्हणाला, "अवो गुरुजी, चाचाला एक लंबरला घातलंय, मान दिलाय! तुमाला पन दोन लंबरला घातलंय, आता काय बोर्डावर बसवू का?" मी म्हणालो, "ते शिकागोचे नव्हते." तो म्हणाला, "मेलेल्या मानसाला काय टीम असती व्हय?"

मी घरी गेलो. खिडक्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या ऑईलपेंटचा डबा व ब्रश घेतला, कॅटलॉग घेतला. सायंकाळी ५-३० वाजता मिरवणूक स्टँडसमोर असताना मी टेम्पोवरचा माईक हातात घेतला व नोव्हेंबरचे पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वर्गात हजेरी घेतात तसे वाचले, जास्तीचा एक शब्द घातला नाही. कोणी "हजर" म्हणाले नाही. त्यानंतर फलकावरील पहिल्या नावावर पांढरा रंग दिला. फोटोला रंग लागू दिला नाही. माझे नाव मी पुसले नाही, कारण मी जिवंत आहे व तोंडाने सांगू शकतो.

मी पप्पूस शिवीगाळ केली हे खोटे आहे. "बोर्डाचं वाटुळं करतोय म्हातारा" असे तोच ओरडला व त्याने माझ्या हातातील ब्रश ओढला. त्यात माझा चष्मा पडला. चष्म्याबाबत माझी तक्रार नाही.

गर्दीत इस्माईल यांच्या पत्नी जोहरावहिनी होत्या. फोटो त्यांनीच दिला होता, हे मला तेव्हा कळले. त्या म्हणाल्या, "भावजी, कशाला पुसलंत? दोन वर्सं हारून घरी यायचे, जेवायचे न्हाईत. मेल्यावर तरी जिंकू द्यायचं होतं त्यांना."

मी डब्याला झाकण लावले. दर शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जातो. उद्या शुक्रवार आहे.

"बाईंचं मन दुखावलंत, हे तरी मान्य आहे का?" असे हवालदार साहेबांनी विचारले. मान्य आहे.

नाव पुसले, मिरवणूक थांबली, पोरांची नाचक्की झाली, हेही मान्य आहे. हे नजरचुकीने झाले असे मी लिहून दिल्यास पप्पू तक्रार मागे घेईल व मला रसवंतीत पुन्हा बसू देईल, असे मला सांगण्यात आले. मी तसे लिहून देणार नाही. चष्मा पडण्याआधीच मी पुसले होते, नजर चांगली होती. रसवंतीत बसू दिले नाही तर बसणार नाही. नोव्हेंबरात नवा हंगाम लागेल तेव्हा मी घरी माझ्या हाताने माझे नाव व युटा असे लिहीन. वर्गात एकच मुलगा आला तरी हजेरी घ्यावी लागते.

कॅटलॉग पाहण्यासाठी हजर केला आहे. त्याची नक्कल घ्यावी, मूळ प्रत माझ्याकडे राहील.

जोहरावहिनींच्या परवानगीने पोरे ते नाव उद्या पुन्हा रंगवणार आहेत असे समजले. वहिनींनी परवानगी दिली असली तरी मी पुन्हा पुसीन. त्यांच्या दारावर लावले तर त्यांच्यासमोर पुसीन, आणि त्यांनी घरात घेतले नाही तर बाहेर उभा राहीन. डब्यात अजून अर्धा रंग आहे.

माझा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. चष्मा नसल्याने मी कानाने तपासला. तो मी सांगितल्याबरहुकूम खरा असून त्यातील एकही शब्द मागे घेत नाही. म्हणून खाली सही करतो.

सही
सा. भि. खोपडे