मालनचा पहारा

(नौपाड्यातली रक्त तपासणीची लॅब. कोलशेतचा म्हातारा धाकू, आणि तिथली टेक्निशियन रचना.)

रचना : पेढे ठेवा बाजूला, काका. असे जवळ बसा. एक गोष्ट सांगते, मग ठरवा पेढे द्यायचे का ते.

धाकू : कीर्तनाला उभी रायलीस जशी. सांग पोरी. तुझे मशीनना जीव वाचवला माझा.

रचना : मशीनच्या आत एक बारीक भोक असतं. पातळ केलेलं रक्त त्यातून सोडायचं. भोकात वीज खेळते. पेशी गेली की विजेला धक्का बसतो. मशीन ते धक्के मोजतं. लहान धक्का म्हणजे प्लेटलेट.

धाकू : देवलाचे दारान बसून मानसा मोजावी तशी.

रचना : तशीच. पण दोघी फुगडी धरूनच दारातून आल्या तर?

धाकू : कायतरी एक मोठा गेला, असा वाटंल.

रचना : तुमच्या प्लेटलेट तशाच गेल्या. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं, एखाद्याच्या प्लेटलेट त्यानंच एकमेकींना चिकटतात. मशीननं त्या धरल्याच नाहीत. म्हणून रिपोर्टात एकोणीसच हजार, आणि तुम्ही दवाखान्यात भरती.

धाकू : आन दवाखान्यान चौथे दिवशी दोन लाख भरल्या, त्या?

रचना : त्यांनी दुसऱ्या औषधाच्या नळीत रक्त घेतलं. काका, पहिल्यापासून दोन लाखच होत्या.

धाकू : मंग मना झालता काय?

रचना : साधा ताप.

धाकू : तुना कवा कलला?

रचना : काल. तुमचं रक्त परत तपासायला आलं, परत तोच आकडा. या वेळी काचेवर पसरून दुर्बिणीखाली बघितलं. नुसते घोळके. पहिल्या वेळीही मशीननं आकड्यापाशी खूण केलेली. खूण आली की काच बघायचीच असते. मी नाही बघितली.

धाकू : का गो?

रचना : इथल्या प्रियांकानं डब्यात वालाचं बिरडं आणलेलं. संपेल म्हणून उठले.

धाकू : बिरड्यापाठी.

रचना : हो.

धाकू : तवाच आमचे गावान सप्ताह होता. वीणा खाली ठेवाची नसतं, सात दिस कोनाचे तरी गल्यान पायजे. दुपारचा पहारा तीस वरसं माझा.

रचना : तो माझ्यामुळं चुकला.

धाकू : चुकला नाय. माझी बायको मालन उभी रायली. गुडघे गेलेत तिचे. मी काय आता घरी येत नाय, असा समजून चार दुपारी उभी.

रचना : पेढे न्या परत, काका.

धाकू : रावू दे. तिनंच दिलेत. परत खूण आली आन तुना भूक लागली असंल, तवा मालनला आठव.